भाभांनी सरकारकडे नेमकं काय मागितलं?

मुंबईतल्या संशोधन संस्थांच्या कँटीनमध्ये निधीचा विषय निघाला की कुणीतरी हे टाकतंच : "भाभांना नेहरू होते, आपल्याला कोण आहे?" वाक्य चटकदार आहे, त्यात तथ्यही आहे. पण टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा, पैशाचा इतिहास तारखा लावून पाहिला की गाडी पहिल्याच स्टेशनावर अडते. संस्थेची कल्पना मांडणारं अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचं पत्र १२ मार्च १९४४ चं. त्या दिवशी नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. संस्थेचं काम सुरू झालं १ जून १९४५ ला. नेहरूंची सुटका झाली १५ जूनला. पायाभरणीच्या वेळी ज्यांचा वशिला लागला असं आपण समजतो, ते तुरुंगात होते.

मग पैसा आला कुठून, आणि आला तो टिकला कसा? यातला दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सरकारकडून एकदा पैसा मिळवणारे शास्त्रज्ञ पुष्कळ झाले. मंत्री बदलले, सचिव बदलले, खुद्द मागणारा माणूस गेला, तरी दरवर्षी अनुदान येत राहील अशी व्यवस्था लावून घेणारे थोडे.

आधी ट्रस्ट, मग प्रांत, मग केंद्र

होमी भाभा १९३९ मध्ये केंब्रिजहून सुट्टीला आले, तेवढ्यात युद्ध पेटलं आणि ते इथेच अडकले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैश्विक किरणांवर, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांवर, काम करू लागले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. युद्ध संपल्यावर परत जायचं की इथेच राहायचं, हा प्रश्न डोक्यात होताच. १९४३ मध्ये त्यांनी जे. आर. डी. टाटांना लिहिलं : योग्य वातावरण नाही आणि समजून-उमजून दिलेला पैसा नाही, म्हणून आपल्याकडे विज्ञानाची वाढ खुंटते. जेआरडींचं उत्तर व्यवहारी होतं. तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी ठोस प्रस्ताव करा, बाजू भक्कम मांडा, म्हणजे सर दोराबजी टाटा ट्रस्ट विचार करेल.

तो प्रस्ताव म्हणजे ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना लिहिलेलं मार्च १९४४ चं पत्र. त्यातलं एक वाक्य आजही सगळीकडे उद्धृत होतं : वीस-एक वर्षांत अणुऊर्जेतून वीज निर्माण होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावं लागणार नाही, ते इथेच तयार असतील. हे हिरोशिमाच्या जवळजवळ दीड वर्ष आधीचं आहे. तारापूरची वीज १९६९ मध्ये आली, म्हणजे अंदाज पाचएक वर्षांनी चुकला. सरकारी प्रकल्पांच्या हिशेबात हे वेळेवरच म्हणायचं.

पण अर्ज म्हणून वाचलं तर या पत्रात एक वेगळीच खुबी दिसते. मागणी मूलभूत भौतिकशास्त्राची आहे. देशाला उपयोग काय, याचं उत्तर मात्र यंत्रात किंवा शोधात दिलेलं नाही, माणसांत दिलेलं आहे. आम्ही वीस वर्षांत माणसं तयार करू, हे वचन शास्त्रज्ञ प्रामाणिकपणे देऊ शकतो. आम्ही वीस वर्षांत अमुक शोध लावू, हे वचन तो देऊ शकत नाही आणि दिलं तर पाचव्या वर्षी तोंडघशी पडतो. आजच्या कितीतरी संशोधन प्रस्तावांत शेवटच्या पानावर कुठला तरी आजार बरा होतो किंवा कुठली तरी आयात थांबते. तिथे वचन चुकीच्या जागी दिलेलं असतं.

ट्रस्टने पुढच्याच महिन्यात प्रस्ताव मान्य केला. मुंबई प्रांताचं सरकार सहसंस्थापक व्हायला तयार झालं आणि म्हणून संस्था मुंबईला आली. पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक ८०,००० रुपयांचं. त्यातले ४५,००० ट्रस्टचे, २५,००० मुंबई सरकारचे आणि १०,००० केंद्राचे, तेही वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेमार्फत.

हे आकडे कोणत्या क्रमाने आले ते पाहा. सर्वांत मोठा वाटा बिगरसरकारी आणि तो आधी मुठीत. त्यानंतर प्रांताला भागीदार करून घेतलं. केंद्राचा वाटा सर्वांत छोटा, इतका छोटा की नाही म्हणायला दिल्लीत कुणाला कारण सापडू नये. पण त्या दहा हजारांनी संस्थेचं नाव केंद्राच्या हिशेबात चढलं. खात्यात ज्यांनी काम केलंय त्यांना ठाऊक असतं की चालू लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकात आधीच असलेल्या खर्चाच्या खात्यात, रक्कम वाढवून घेणं कठीण असलं तरी जमतं, आणि नवं लेखाशीर्ष उघडून घेण्यात माणसं निवृत्त होतात.

एक गोष्ट इथे लपवून चालणार नाही. मुंबई प्रांतात १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता आणि १९४६ पर्यंत राज्यपालांची राजवट होती. भाभांना तेव्हा विधिमंडळाला काही पटवून द्यायचंच नव्हतं. आमदारांचे प्रश्न नाहीत, "आमच्या तालुक्यात पाणी नाही आणि तुम्ही वैश्विक किरण मोजता" असं म्हणणारं कुणी नाही. १९ डिसेंबर १९४५ ला संस्थेचं उद्घाटन केलं तेही राज्यपाल सर जॉन कोलव्हिल यांनीच. जागा होती पेडर रोडवरचा 'केनिलवर्थ' बंगला, भाभांच्या घरातलाच. लोकशाहीत पैसा मागणाऱ्याला हा टप्पा वगळता येत नाही, त्यामुळे या प्रकरणाचा एवढा तुकडा आज कुणाला जसाच्या तसा उचलता येणार नाही. अर्थात पुढे दहा वर्षांनी करार झाला तेव्हाही मुंबई राज्य त्यात पक्षकार होतं. राज्यपालांच्या काळात सुरू झालेली भागीदारी लोकनियुक्त सरकारांनी मोडली नाही, हेही नोंदवायला हवं.

रक्कम आणि कलम

नेहरू या कथेत येतात ते आता. भाभा पत्रांत त्यांना 'भाई' म्हणत, इतकी जवळीक होती. ती नाकारण्यात अर्थ नाही. जवळीक कशासाठी वापरली, हे पाहण्यात आहे.

अणुऊर्जा कायदा १९४८ च्या एप्रिलमध्ये झाला आणि २६ एप्रिलला भाभांनी नेहरूंना एक टिपण पाठवलं. अणुसंशोधनाची रचना कशी असावी, हा त्याचा विषय. आयोग असावा, तो लहान असावा, तीनपेक्षा जास्त माणसं नकोत, आणि तो थेट पंतप्रधानांना जबाबदार असावा, मधे दुसरं खातं नको. १० ऑगस्ट १९४८ ला अणुऊर्जा आयोग नेमला गेला. सदस्य तीनच : भाभा, शांतिस्वरूप भटनागर आणि के. एस. कृष्णन.

३ ऑगस्ट १९५४ ला अणुऊर्जेचं स्वतंत्र खातं झालं, भाभा त्याचे सचिव. खात्याचं मुख्यालय दिल्लीला नाही, मुंबईत, अपोलो बंदराच्या परिसरात. भारत सरकारचा सचिव मुंबईत बसतो आणि प्रयोगशाळा त्याच्यापासून टॅक्सीच्या अंतरावर असतात, ही गोष्ट आता आपल्याला सवयीची झाली आहे. पण त्या काळी दिल्लीतल्या बाबूंना ती किती खुपली असेल याची कल्पना करावी.

१९५५-५६ मध्ये केंद्र सरकार, मुंबई सरकार आणि टाटा ट्रस्ट यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. टीआयएफआर अणुविज्ञान आणि गणित यांचं राष्ट्रीय केंद्र ठरली. नियामक मंडळावर तिघांचेही प्रतिनिधी आले. बहुतेक खर्च आता केंद्र उचलणार होतं, पण संस्था केंद्राचं कार्यालय झाली नाही. नावात 'टाटा' राहिलं, आणि मंडळावर ट्रस्टचा माणूसही राहिला.

मार्च १९५८ मध्ये आयोगाची फेररचना झाली तो ठराव मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. त्याच महिन्यात संसदेसमोर आलेला विज्ञान धोरणाचा ठराव सगळ्यांच्या भाषणांत असतो. आयोगाच्या ठरावात दोन व्यवस्था आहेत. संसदेने मंजूर केलेल्या तरतुदीच्या मर्यादेत आयोगाला भारत सरकारचे प्रशासकीय आणि आर्थिक अधिकार. आणि आयोगाचा एक सदस्य वित्ताचा, जो आर्थिक बाबतीत या खात्यापुरता भारत सरकारचा पदसिद्ध सचिव. म्हणजे पैशाचा प्रश्न विचारणारा माणूस खोलीतच बसलेला. तो हो म्हणाला की मंजुरी झाली, नाही म्हणाला तर का नाही ते तिथेच कळलं. यंत्रखरेदीची फाइल प्रत्येक वळणावर नॉर्थ ब्लॉकला, म्हणजे दिल्लीच्या अर्थ मंत्रालयात, जाऊन येत नव्हती.

आज आपण विज्ञानासाठी पैसा मागतो तेव्हा आकडा मागतो. भाभांनी आकडे मागितलेच, पण त्यांचा खरा जोर नियमावर होता : कुणाच्या अखत्यारीत, कुणाच्या सहीने, कोणत्या मर्यादेपर्यंत. रक्कम दरवर्षी फेब्रुवारीत नव्याने ठरते. ठरावातलं कलम बदलायला मंत्रिमंडळाला मुद्दाम बसावं लागतं.

छोट्या गोष्टींतही त्यांची हीच रीत. संस्थेची कुलाब्याची इमारत उभी राहत होती. १९५४ मध्ये नेहरूंनी कोनशिला बसवली आणि १९६२ च्या जानेवारीत उद्घाटनही त्यांनीच केलं. भाभांना भिंतींवर चित्रं हवी होती. चित्रागणिक मंजुरी मागितली असती तर प्रत्येक वेळी लेखापरीक्षकाचा शेरा आला असता. त्यांनी बांधकाम खर्चाच्या एक टक्का रक्कम कलेसाठी वापरण्याची मान्यता घेऊन ठेवली. हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्र आज संस्थेत आहे ते त्या धोरणातून.

७ जानेवारी १९६६ ला मुंबईत आंतरराष्ट्रीय विज्ञान संघटनांच्या परिषदेपुढे भाभांनी भाषण केलं. विज्ञानाच्या वाढीसाठी लागणारं प्रशासन, कारखाना चालवण्यासाठी लागणारं प्रशासन आणि कायदा-सुव्यवस्था राखण्यासाठी लागणारं प्रशासन ही वेगवेगळी असतात, आणि आपल्याकडे तिसऱ्या जातीचेच प्रशासक पहिलं काम करायला बसवतात, असा त्यांचा रोख होता. पुढे सतराच दिवसांनी, २४ जानेवारीला, माँ ब्लांवर कोसळलेल्या एअर इंडियाच्या विमानात ते गेले. माणूस गेल्यावर पैसा टिकतो का, याची परीक्षा त्या दिवसापासून सुरू झाली. संस्थेचं अनुदान थांबलं नाही.

किंमत कुणी मोजली

भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांना बाजूला ठेवून हे प्रकरण सांगणं म्हणजे अर्धंच सांगणं. साहा १९५२ मध्ये कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून आले. त्यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या आश्रयाने अणुभौतिकीची संस्था उभी केली होती. संशोधन विद्यापीठांत वाढावं, विद्यार्थ्यांच्या संगतीत वाढावं, असं त्यांचं म्हणणं. अणुऊर्जेच्या कारभारातल्या गुप्ततेवर आणि एकाच ठिकाणी एकवटलेल्या सत्तेवर त्यांनी १९५४ मध्ये लोकसभेत उघड टीका केली. शास्त्रज्ञाने सरकारला जाब विचारण्याचं हे आपल्याकडचं सर्वांत ठळक उदाहरण, आणि ते हरलेल्या बाजूचं आहे.

साहांचा मुद्दा खरा ठरला, असं माझं मत आहे. भाभांनी १९६६ च्या भाषणात राष्ट्रीय प्रयोगशाळांवर ठपका ठेवला, की त्यांनी विद्यापीठांतली चांगली माणसं ओढून घेतली आणि विद्यापीठं दुबळी केली. पण स्वतंत्र संस्था आणि स्वतंत्र खातं हा भाभांचा मार्गही शेवटी त्याच दिशेने गेला. मुंबईतच पाहा. कुलाब्याची टीआयएफआर आणि तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र एका बाजूला, कालिन्याचं मुंबई विद्यापीठ दुसऱ्या बाजूला. लोकलने तासाभराचा प्रवास. पण प्रयोगशाळेत नायट्रोजनचं सिलिंडर वेळेवर येण्याच्या बाबतीत ही दोन वेगळी गावं आहेत. थेट पंतप्रधानांकडे जाणारा रस्ता एकाच खात्याला मिळाला, बाकीचे रांगेत उभे राहिले.

आणि ज्यांना मिळाला त्यांचंही सगळं कायमचं सुरक्षित झालं असं नाही. मार्च २०१९ मध्ये खुद्द टीआयएफआरमध्ये परिपत्रक निघालं, की पुरेसा निधी नसल्याने फेब्रुवारीचा निम्माच पगार देता येतोय. गवगवा झाला, उरलेली रक्कम पुढे मिळाली. पण कळलं ते असं, की संस्थेचा दर्जा कितीही मोठा असो, पैसा शेवटी वार्षिक अनुदानाचाच. पगाराचं शीर्ष वेगळं, सर्वसाधारण खर्चाचं वेगळं, यंत्रं-इमारतींचं वेगळं. सुधारित अंदाजात, म्हणजे वर्ष चालू असताना आकडे पुन्हा ठरतात तेव्हा, कात्री लागली की वर्षअखेरीला खिसा रिकामा. खर्च न झालेला पैसा ३१ मार्चला परत, आणि पुढच्या हप्त्यासाठी उपयोगिता प्रमाणपत्र जोडायचं. प्रयोग मात्र आर्थिक वर्ष पाहून संपत नाहीत.

आजच्या मागण्या

९ ऑगस्ट २०१७ ला देशातल्या अनेक शहरांत शास्त्रज्ञ आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्यांत मुंबईही होती. मागणी : राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्के विज्ञान-तंत्रज्ञानाला, १० टक्के शिक्षणाला. त्याच दिवशी भायखळ्याहून आझाद मैदानाकडे मराठा क्रांती मोर्चाचा अफाट जनसमुदाय चालला होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत जागा कुणाला मिळाली हे सांगायला नको.

मोर्चा काढला हे चांगलंच केलं. ३ टक्क्यांच्या मागणीबद्दल मात्र मला शंका आहे. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सुमारे १,२७,००० कोटी, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता, आणि त्यात उद्योगांचा वाटा जेमतेम एक तृतीयांशाच्या वर. ३ टक्के गाठायचे तर खासगी कंपन्यांनीही खर्च वाढवायला हवा. म्हणजे ही मागणी मान्य करणारी सहीच कुठल्या एका टेबलावर नाही. ज्या मागणीची फाइल कुणाकडेच उघडत नाही तिला नकारही कुणी देत नाही, आणि मग सगळेच तत्त्वतः सहमत असतात.

राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पाच वर्षांत ५०,००० कोटी, त्यातले सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून येतील अशी अपेक्षा. १९४५ च्या ८०,००० रुपयांशी हे ताडून पाहावं. तेव्हाही बिगरसरकारी वाटा अर्ध्याहून जास्त होता, पण तो आधी हातात आला आणि सरकार नंतर जोडलं गेलं. इथे आधी घोषणा आहे आणि देणाऱ्यांचा शोध नंतर.

फेलोशिपचं उदाहरण त्याहून बोलकं. कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप २०१० मध्ये १६,००० रुपये होती, २०१४ मध्ये २५,००० झाली, २०१९ मध्ये ३१,०००, २०२३ मध्ये ३७,०००. दर वेळी चार-पाच वर्षांचं अंतर, आणि त्यात पत्रं, सह्यांच्या मोहिमा, धरणी. मुंबईत या पैशात राहणं म्हणजे वसतिगृहाची खोली मिळाली तर ठीक, नाहीतर मानखुर्द नाहीतर डोंबिवलीला भागीत. त्यांच्याच प्राध्यापकांना महागाई भत्ता वर्षातून दोनदा आपोआप वाढून मिळतो. संशोधक विद्यार्थ्याला तो नाही. २०१९ च्या आंदोलनात मागणी केवळ रकमेची नव्हती, वाढ ठराविक काळाने आपोआप व्हावी अशीही होती. म्हणजे पोरांनी मागितलं होतं ते भाभांच्या जातीचंच, नियम. मिळाली ती रक्कम, आणि वेळोवेळी वाढीची शिफारस करण्यासाठी सचिवांची एक आंतरमंत्रालयीन समिती. समिती म्हणजे पुन्हा बैठक, पुन्हा शिफारस, पुन्हा कुणीतरी आठवण करून देणं. ही आठवण करून देणारी मुलं तोवर पीएचडी संपवून निघून गेलेली असतात आणि नवी तुकडी पहिल्यापासून सुरुवात करते.

मागायचं कुणी, हा पेच याहून अवघड. कायम नोकरीतल्या शास्त्रज्ञाला केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ किंवा त्यांच्या धर्तीवरचे संस्थेचे नियम लागू असतात. सरकारवर जाहीर टीका त्यात बसत नाही, निदर्शनांवर बंधनं आहेत. भाभा स्वतःच सचिव असल्याने त्यांना हा प्रश्न पडला नाही. साहा खासदार होते. बाकीच्यांसाठी संसदेच्या विज्ञान-तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीचा रस्ता आहे. खात्यांच्या अनुदान मागण्या अर्थसंकल्पानंतर तिच्यासमोर जातात, तिचा अहवाल छापला जातो आणि खात्याला प्रत्येक शिफारशीवर काय केलं ते लेखी कळवावं लागतं. निवृत्त शास्त्रज्ञ, विज्ञान अकादमी, विद्यार्थी संघटना यांच्या हातांत वर्तणूक नियमांची बेडी नाही. त्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, खात्यांचे अंदाज तयार होत असताना, एकच कलम लिहून द्यावं : फेलोशिपची वाढ महागाई निर्देशांकाशी जोडावी. दोन पानांचं टिपण पुरे. १९४८ च्या टिपणाला नेहरू वाचक मिळाले. या टिपणाला समितीतला एखादा खासदार मिळवावा लागेल, आणि तो मिळवण्यासाठी मुंबईच्या सहाही खासदारांच्या कार्यालयांत जाऊन बसण्याचं काम आजवर कुणी नेमाने केलेलं दिसत नाही.